डागोबेर्तोचा मुका कॉम्प्युटर

डागोबेर्तोनं तीस वर्षं आमच्या गल्लीत कुणाची कपबशी जागेवर राहू दिली नाही. शनिवारी दुपारचे चार वाजले की तो आपला पिको ढकलत ओट्यावर आणायचा. कपड्यांच्या कपाटाहून मोठं लाकडी खोकं, आत अठरा इंची दोन भोंगे, आणि पुढच्या कापडावर त्याच्या मेव्हण्यानं भडक रंगात काढलेला कोंबडा, लाथेनं घराची कौलं उडवणारा. खाली नाव: एल तुम्बातेखास, म्हणजे कौलंपाड्या. नाव नुसतं शोभेचं नव्हतं. माझ्या न्हाणीघराचे दोन पत्रे त्या आवाजानं निखळून पडले. तिसऱ्याचं खापरही मी त्याच्यावरच फोडलं, जरी तो माझ्या भाच्याच्या पायाखाली फुटला होता.

आमच्या बार्रान्कियात आवाज मोठा असणं म्हणजे घरात सगळं ठीक असणं. ज्या घरातून शनिवारी गाणं ऐकू येत नाही, तिथं शेजारी विचारायला जातात, कोण आजारी आहे म्हणून. अशा गावात, अशा माणसाला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आवाज न करणारा कॉम्प्युटर हवा झाला. ही बातमी गल्लीत मीच पसरवली. मी बंदरावरच्या कचेरीत चाळीस वर्षं शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर हाताला दुसरं काम नाही, तोंडाला आहे.

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. पण कशासाठी हवा होता ते कळल्यावर हसायचे थांबले, आणि तेही मीच सांगितलं होतं.

डागोबेर्तोची मुलगी यादिरा. तिच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता होतो, म्हणून डागोबेर्तो आणि मी एकमेकांचे कंपाद्रे. यादिरा पंधरा वर्षांची झाली तेव्हा आमच्याकडच्या रीतीनं मोठा समारंभ झाला. गुलाबी घागरा, तीन मजली केक, ओट्यावर तुम्बातेखास, आणि कॅमेरा घेतलेला एक भाड्याचा माणूस, जो निम्मा वेळ रमच्या टेबलाचंच चित्रण करत होता. त्या कॅसेटमध्ये एका ठिकाणी डागोबेर्तोची बायको एनिल्सा नाचणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत येते. हिरवा झगा, कपाळावर घाम. पिकोपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या बाहीला धरते आणि त्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलते. आठ सेकंद. डागोबेर्तो हसतो, मान डोलावतो. एनिल्सा बाही सोडते आणि चौकटीतून बाहेर जाते.

त्यानंतर सात महिन्यांनी, कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात, एनिल्सा पोटाच्या आजारानं गेली.

नऊ दिवसांच्या रोजारिओच्या प्रार्थना संपल्यावर त्यानं पिकोतले भोंगे काढून शेजारच्या सोलेदाद गावातल्या एका माणसाला विकले. रिकामं खोकं कोंबड्यासकट बैठकीत राहिलं. पुढे त्यावर टीव्ही आला. यादिरा लग्न करून चिलीला गेली. आणि डागोबेर्तो त्या आठ सेकंदांना येऊन चिकटला.

"हसतोय बघ मी," तो मला म्हणायचा. "मान डोलावतोय. म्हणजे तेव्हा मला ऐकू आलं होतं. चांगलंच काहीतरी बोलली असणार. पण काय बोलली ते आठवत नाही."

आता, पिकोपासून दोन हातांवर उभं राहून कुणाचं काही ऐकू येत नाही, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. तिथं समोरचा ओठ हलवतो, आपण हसतो आणि मान डोलावतो. सगळे तसंच करतात. मी तशी मान डोलावून एकदा एका बाईला लग्नाचं वचन दिलं होतं. ते निस्तरायला सहा महिने लागले. पण डागोबेर्तोला हे मी कसं सांगणार? तीस वर्षं त्या भोंग्यांशेजारी उभं राहून मान डोलावण्यात त्याचा हात कोण धरणार होता?

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला तो गावातल्या बाजारात मार्लेविसकडं गेला. मार्लेविस चाळिशीची, आडव्या बांध्याची, मनगटाला कायम चुंबकाचा पट्टा बांधलेला, त्याला स्क्रू चिकटलेले. दोन बोळांच्या मध्ये तिचा टेबलाएवढा गाळा, एका बाजूला बुतिफार्राचे सॉसेज विकणारा, दुसऱ्या बाजूला मोबाइलची कव्हरं. तिनं कानाला हेडफोन लावून पूर्ण कॅसेट उतरवली. काम झाल्यावर हेडफोन काढून म्हणाली, "सेन्योर डागो, त्या बाई काय म्हणतायत ते मी सांगू का?"

"नको."

"मला ऐकू आलंय. फार स्पष्ट नाही, पण आलंय."

"तुला कुणी विचारलं? माझी बायको आहे. तिचं ती सांगेल मला."

मार्लेविसनं खांदे उडवले. पण तिनं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी घरी जाऊन तिला जेवण गेलं नाही. काय ऐकलं ते मात्र मलाही सांगितलं नाही. मी किती प्रकारे विचारलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

घरी यादिराचा जुना कॉम्प्युटर होता. सुरू केला की मिक्सरमध्ये बर्फ घातल्यासारखा आवाज. डागोबेर्तोनं तो टीव्हीला जोडून त्यावर ते आठ सेकंद लावले, आवाज पूर्ण वाढवला, कान टीव्हीला लावला, आणि निकाल दिला की कॉम्प्युटरच्या घरघरीखाली एनिल्सा दबली आहे. घरघर गेली की ती वर येईल.

मग सुरू झाल्या बाजाराच्या फेऱ्या. मी बरोबर जायचो. मैत्रीखातर म्हणा, पण बुतिफार्राही चांगली मिळायची.

"मला असा कॉम्प्युटर पाहिजे, जो चालू आहे की बंद ते कळूच नये," डागोबेर्तो म्हणाला.

"नवऱ्यासारखा पाहिजे म्हणा की," मार्लेविस म्हणाली. "हे बघा. आवाज करतो तो पंखा. लहान पंखा असला की त्याला जोरात पळावं लागतं, म्हणून किंचाळतो. मोठा घेतला की तेवढाच वारा हळू फिरून देतो."

"म्हणजे माझ्या कंपाद्रेसारखा," डागोबेर्तोनं माझ्याकडं बोट दाखवलं. "पोट मोठं, काम सावकाश."

"आणि तुझ्यासारखा लहान, तो किंचाळतो," मी म्हणालो.

असे आम्ही. पण सुटे भाग निवडायला बसला की डागोबेर्तो दुसराच माणूस व्हायचा. पिकोवाल्यांची एक जुनी रीत आहे. भोंग्यात कुठं खरखर असेल तर ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक खोक्यावर टेकवतात आणि मूठ दातांत धरतात. आवाज हाडांतून डोक्यात शिरतो. तो तसाच, भर बाजारात, डोळे मिटून, दातांत मूठ धरून एकेक पंखा, एकेक पॉवर सप्लाय तपासायचा. मोबाइल कव्हरवाला त्याचे फोटो काढायचा. पहिल्या फेरीत त्यानं तळहाताहून मोठा, हळू फिरणारा पंखा निवडला, आणि असा पॉवर सप्लाय की काम कमी असलं की त्याचा पंखा थांबूनच राहतो. चित्रपट दाखवायला काम कमीच लागतं, मार्लेविस म्हणाली, वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊच नका, तो आणखी एक पंखा आणि आणखी एक तापलेला तवा.

घरी आणून जोडला. मी कान दिला. मला पाल चुकचुकलेली ऐकू आली, कॉम्प्युटर नाही.

"अजून शिट्टी आहे," डागोबेर्तो म्हणाला.

"कसली शिट्टी?"

"बारीक. सुईसारखी. तुला नाही येत?"

"माझं वय एकाहत्तर. मला विचारू नकोस," मी म्हणालो. खोटं होतं. माझे कान अजून भिंतीपलीकडचं भांडण ऐकतात.

दुसऱ्या फेरीत मार्लेविसनं हार्ड डिस्क बदलली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, ती करकरते. नवीत काहीच फिरत नाही. बोटाएवढी पट्टी. डागोबेर्तोनं ती दातांनी ऐकली, समाधानानं हसला, घरी नेली. शिट्टी होतीच.

तिसऱ्या फेरीला तिनं पंखाच काढून टाकला. कमी तापणारा प्रोसेसर, आणि ॲल्युमिनियमचा डबा, ज्याला बाहेरून माशाच्या कल्ल्यांसारखी पाती. उष्णता त्या पात्यांतून आपोआप बाहेर जाते. डागोबेर्तोला तो डबा तुम्बातेखासच्या रिकाम्या खोक्यात, जाड लाकडाआड लपवायचा होता.

"मग तुम्ही कॉम्प्युटर नाही, कॉम्प्युटरचा सांकोचो रस्सा शिजवाल," मार्लेविस म्हणाली. "या डब्याला उघडी हवा लागते. बार्रान्कियात आहात, थंड बोगोतात नाही. वर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर, आणि वरती ते विणलेले रुमाल पसरू नका."

"एनिल्साचे आहेत ते रुमाल."

"मग शेजारी पसरा," ती हळू आवाजात म्हणाली.

त्या संध्याकाळी तो सामान बांधून घेत होता तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "पोरी, आता यात फिरणारं काही उरलंय का?"

"काही नाही. दगड आहे दगड."

"तरी त्याला शिट्टी ऐकू येणार."

"येणारच. ती त्यांच्या कानात आहे. मला पहिल्या पंख्यापासून माहीत आहे. तुम्ही त्यांचे कंपाद्रे, तुम्ही सांगा ना. सगळ्या गावाच्या बातम्या सांगता."

"मी दुसऱ्यांच्या बातम्या दुसऱ्यांना सांगतो," मी म्हणालो. "ज्याची त्याला सांगणं वेगळं काम आहे."

ती म्हणाली, "मी पण सामान विकतच राहिले की. एक सांगते, मी त्यात नफा घेतला नाही."

आता प्रश्न उरला ऐकायचं कधी. कॉम्प्युटर मुका झाला तरी गल्ली मुकी होत नाही. उजवीकडं वायेनातोची गाणी, डावीकडं साल्साची, पलीकडं कोंबड्या. आमच्याकडं वर्षात एकच दिवस कुणी पिको लावत नाही, तो म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी मोठ्यानं हसलं तरी म्हाताऱ्या डोळे वटारतात. डागोबेर्तोनं सात आठवडे वाट बघितली. कॉम्प्युटर खोक्यावर, कोंबड्याच्या डोक्याशी, एनिल्साचा रुमाल त्याच्या शेजारी. त्या सात आठवड्यांत त्यानं तो एकदाही लावला नाही.

गुड फ्रायडेला घरोघरी गोड करून शेजाऱ्यांना वाटायची आमची रीत. माझी बायको दिओसेलिना तुरीच्या दाण्यांचा गोड लगदा करते, तसा गल्लीत कुणाचा होत नाही, ती स्वतःच सांगते. तिनं ताट भरून माझ्या हातात दिलं.

"तू पण चल," मी म्हणालो. "एनिल्सा तुझीच मैत्रीण होती."

"मला कामं आहेत," ती म्हणाली. हात पुसत आत गेली. कामं सगळी झालेली होती.

डागोबेर्तोकडं दुपारी तीनला आम्ही तिघं बसलो. मार्लेविस पपईचा मुरंबा घेऊन आली होती. दारं बंद, खिडक्या बंद, टेबलफॅन बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली. फ्रीज मात्र त्यानं चालू ठेवला, आत मासा होता. मिनिटभरात आम्ही तिघंही घामानं न्हालो. डागोबेर्तोनं पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता, पाठीला चिकटलेला.

त्यानं बटण दाबलं. मुक्या डब्यावर एक निळा ठिपका लागला. पडद्यावर गुलाबी घागरा, केक, रमचं टेबल. आणि तुम्बातेखास, अकरा वर्षांपूर्वीचा. कॅमेऱ्याच्या त्या बारक्या माइकमधूनसुद्धा त्याचा ढोल असा आला की फळीवरची कपबशी, खरंच सांगतो, सरकली. हिरवा झगा गर्दीतून येऊ लागला. एनिल्सानं बाहीला हात घातला, आणि वीज गेली.

सगळंच गेलं. पडदा, निळा ठिपका, फ्रीज. शेजारच्यांचे पंखे थांबले. गल्लीत कुणी शिवीसुद्धा दिली नाही, दिवसच तसा. मी एकाहत्तर वर्षांत बार्रान्कियात इतकी शांतता ऐकली नव्हती. मुरंब्याच्या ताटावर माशी बसली, तिचे पाय वाजले असते तरी कळलं असतं.

"आहे," डागोबेर्तो म्हणाला.

मार्लेविसनं बंद पडलेल्या डब्याकडं बघितलं.

"अजून आहे ती शिट्टी. वीज नाही ना?"

"नाही," मार्लेविस म्हणाली.

तो उठला. डब्यापाशी गेला. प्लग काढून हातात धरला, त्याच्याकडं बघितलं. मग डबा उचलून स्वयंपाकघरात ठेवून आला, दार लावलं, परत येऊन मधोमध उभा राहिला. मान वाकडी करून.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"पहिल्या पंख्यापासून."

"बुतिफार्रा खायला येत होतास तर." आवाजात राग नव्हता. खुर्चीत बसला आणि तळहात कानांवर दाबून धरले, मग काढले, मग पुन्हा दाबले. दाबले काय, काढले काय, शिट्टी तेवढीच असावी.

वीज चाळीस मिनिटांनी आली. फ्रीज घुरघुरला. मला वाटलं आता तो काही लावणार नाही. पण त्यानं डबा परत आणला, जोडला, कपाटातून तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक टीव्हीच्या स्पीकरवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. आठ सेकंद चालवले. डोळे मिटलेले. पुन्हा चालवले. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मूठ दातांतून काढली, तिच्यावर दातांचे वळ होते.

"तुम्बातेखास ऐकू येतो," तो म्हणाला. "फार छान वाजतोय. खालचा सूर बघ कसा लागलाय." आणि मग, मार्लेविसकडं न बघता, "सांग पोरी. काय म्हणते ती?"

मार्लेविसनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं.

"म्हणतायत," ती म्हणाली, "'डागो, जरा आवाज कमी कर ना. मला तुला एक सांगायचंय.'"

"पुढं?"

"एवढंच."

"आठ सेकंद आहेत."

"दोनदा म्हणतायत," मार्लेविस म्हणाली. "सेन्योर डागो, दोनदा म्हणतायत."

त्यानं पुन्हा एकदा चालवलं, या वेळी कानानं नाही, डोळ्यांनी. आणि आता आम्हाला तिघांनाही दिसलं, इतकी वर्षं जे दिसतच होतं. एनिल्सा बाही सोडून गेल्यावर, चौकटीच्या कडेला, डागोबेर्तोचा हात वर जातो, पिकोच्या बटणावर. हसत हसत. आवाज थोडा वाढतो.

"काय सांगायचं असेल तिला?" त्यानं मला विचारलं. गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतं ते मला ठाऊक असतं, म्हणून मलाच विचारलं.

"भात कमी पडत असेल," मी म्हणालो. "पाहुणे किती होते."

"भातासाठी ती नाचणाऱ्यांतून येणारी नव्हती. भाताला तिनं तुझ्या बायकोला पाठवलं असतं."

बरोबर होतं. मी गोडाचं ताट पुढं केलं. त्यानं चमचाभर खाल्लं, दिओसेलिनाला सांग छान झालंय म्हणाला. पंखा कुणी लावला नाही.

घरी आलो तेव्हा दिओसेलिना ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "कळलं का त्याला?" मी म्हटलं, अर्धं. उरलेलं अर्धं आम्हा दोघांकडं होतं, अकरा वर्षं. समारंभ शनिवारी होता. गुरुवारी एनिल्सा दिओसेलिनाला सोबत घेऊन डॉक्टरकडं गेली होती. डॉक्टरनं पोटात जे होतं त्याचं नाव सांगितलं. बसमध्ये एनिल्सानं दिओसेलिनाकडून शपथ घेतली, पोरीचा वाढदिवस होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दिओसेलिनानं त्याच संध्याकाळी मला सांगितलं, कारण मी मी आहे. आणि मी, ज्याला गल्ली चालतं वर्तमानपत्र म्हणते, तेवढी एक बातमी गिळून बसलो. शनिवारी तिला बहुधा ओझं पेलवेना, म्हणून गर्दीतून त्याच्याकडं आली. त्यानं मान डोलावली. त्यानंतर पाच आठवडे तिनं त्याला काही सांगितलं नाही, आणि आजाराचं सांगितलं तेव्हा त्या शनिवारचं नाव काढलं नाही. दिओसेलिनाला म्हणाली होती, मी सांगायला गेले होते, तो फार खुशीत होता.

मार्लेविसनं तो मुका कॉम्प्युटर परत घ्यायची तयारी दाखवली. डागोबेर्तोनं दिला नाही. रविवारी यादिरा चिलीहून त्याच्यावर दिसते, नातू दिसतो. ते आठ सेकंद त्यानं पुन्हा लावले की नाही मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही असं मी क्वचित म्हणतो.

एक सवय मात्र त्याला तेव्हापासून लागली, आणि गल्ली त्यावर हसते. कुणीही त्याच्याकडं गेलं, मीठ मागायला, बिल दाखवायला, तरी तो आधी उठतो. टीव्ही बंद करतो. पंखा बंद करतो. खिडकी लावतो, फ्रीजचं बटण दाबतो, उष्णता चढू लागते. मग खुर्ची अगदी जवळ ओढतो, त्यातल्या त्यात बरा कान पुढं करतो, ओठांकडं बघतो आणि म्हणतो, "हं. आता सांग."

मी रोज जातो. घामानं भिजतो. कोणाची पोर कोणाबरोबर पळाली, कोणाच्या नवऱ्याला कोणी बस थांब्यावर बघितलं, सगळं सांगतो. तो शेवटपर्यंत ऐकून घेतो. मग विचारतो, "आणखी काही?"

"नाही," मी म्हणतो, आणि तो उठून पंखा लावतो.